सायकलचे दुकान बंद पडले, तर तोटा कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील सायकलवाले चाचा माझ्या पेढीवर आले. चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि उठता उठता म्हणाले, "माझा गाळा कोणाला भाड्याने हवा असेल तर सांग. मोबाईलवाला असला तरी चालेल."

चाळीस वर्षांहून जास्त काळ या गाळ्यात हवा भरण्याचा पंप उभा आहे. अर्ध्या मोहल्ल्याची मुले याच दुकानातील भाड्याच्या सायकलीवर शिकली. मीही त्यातलाच. मी विचारले, "चाचा, दुकान का सोडता? काम तर दिसते." ते म्हणाले, "काम आहे, पण धंदा नाही. पंक्चर काढायला सगळे येतात, सायकल घ्यायला कोणी येत नाही."

मी कापडाचा व्यापारी. सायकलच्या धंद्याशी माझा संबंध नाही. तरीही हे लिहावेसे वाटले, कारण चाचांच्या त्या एका वाक्यात आपल्या सर्वांच्या बाजारपेठेचा हिशोब आहे. आणि त्या हिशोबात माझ्या नावावरही काही बाकी निघते. ती आधी सांगतो.

सातशे रुपयांची बचत

दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाला सायकल घ्यायची होती. चाचांच्या दुकानात गेलो, सायकल पाहिली, मुलाला बसवून उंची बघितली, भाव विचारला. घरी येऊन मुलाने मोबाईलवर तशीच दिसणारी सायकल सातशे रुपयांनी स्वस्त दाखवली. मी मागवली. व्यापारी माणूस, सातशे रुपये दिसले की हात पुढे जातोच.

चार-पाच दिवसांनी खोके आले. सायकल अर्धी जुळवलेली होती. हँडल, पुढचे चाक, पेडल आणि सीट आपण बसवायचे होते. सोबत एक चपटा पाना आणि चित्रांचा कागद. मुलाने आणि त्याच्या मित्राने संध्याकाळभर बसून सायकल उभी केली. दुसऱ्या दिवशी उतारावर पुढचा ब्रेक लागला नाही आणि मुलगा रस्त्यावर आपटला. कोपर सोलून निघाले, हनुवटीला टाके पडले. अल्लाहची मेहरबानी, मागून गाडी येत नव्हती.

मग ती सायकल कोणाकडे नेली? चाचांकडेच. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "पुढचा चिमटा उलटा बसवला आहे." त्यांनी चिमटा फिरवला, ब्रेकची तार आवळली, दोन्ही चाकांचा आऊट काढला, सैल कोन घट्ट केले. तास-दीड तास काम चालले. पैसे विचारले तर दीडशे रुपये. ही सायकल कुठून घेतली, असे एका शब्दाने विचारले नाही. फक्त खोक्याकडे बघून एवढेच म्हणाले, "खोक्यात सायकल येते, मिस्त्री येत नाही."

त्यानंतर त्या सायकलीचे पेडल बदलावे लागले, मागची रिमही वाकली. सातशे रुपये वर्षभरात कधीच फिटले. पण खरा तोटा तो नाही. चाचांची एक विक्री मी बुडवली, हा खरा तोटा. माझ्यासारखे मोहल्ल्यात किती असतील, याचा हिशोब त्यांच्या रिकाम्या गाळ्यात दिसणार आहे.

पंक्चर स्वस्त का असते?

दुकानदारी करणाऱ्या बंधूंना हे समजावून सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. पंक्चर काढण्याचे वीस-तीस रुपये मिळतात. त्यासाठी चाकावरून टायर उतरवायचा, ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते शोधायचे, ती जागा घासायची, सोल्यूशन लावून वाळू द्यायचे, ठिगळ दाबायचे, टायरच्या आत काटा अडकला आहे का ते बोटाने चाचपायचे आणि सर्व पुन्हा चढवायचे. अर्धा तास सहज जातो. या मजुरीवर गाळ्याचे भाडे, विजेचे बिल आणि घरखर्च निघत नाही.

मग ही दुकाने इतकी वर्षे कशी चालली? नव्या सायकलीच्या विक्रीवर, सुट्या भागांवर आणि वर्षातून एकदा होणाऱ्या ओव्हरऑईलच्या कामावर. नवी सायकल विकली की दोन पैसे सुटत. त्याच्या आधारावर दुकान उघडे राही, आणि दुकान उघडे राही म्हणून गरिबाचे पंक्चर स्वस्तात निघे. म्हणजे ज्याला नवी सायकल घेणे परवडत होते, तो नकळत त्या मजुराच्या पंक्चरलाही हातभार लावत होता. विक्री मोबाईलवर गेली आणि दुरुस्ती तेवढी दुकानात राहिली, की हे गणित मोडते. दूध दुसरीकडे काढायचे आणि चारा मात्र इथे मागायचा, असा हा प्रकार आहे.

आपण कापडवाले याबद्दल सर्वात जास्त ओरडतो. ग्राहक दुकानात येतो, दहा थान उलगडायला लावतो, कापड हाताने चोळून बघतो, रंग उजेडात नेऊन पाहतो, फोटो काढतो आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवतो. त्या दिवशी आपण त्याला काय काय बोलतो! पण तेच आपण सायकलवाल्याशी, चप्पलवाल्याशी, भांडीवाल्याशी करतो, तेव्हा त्याला हुशारी म्हणतो. ज्या मापाने आपल्याला मोजलेले आवडत नाही, त्या मापाने दुसऱ्याला मोजू नये.

सायकल कोण चालवते?

कोणी म्हणेल, आता प्रत्येक घरात मोटारसायकल आहे, सायकलचे काय एवढे? २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. दुचाकी मोटार त्या वेळी सुमारे २१ टक्के घरांत होती. त्यानंतर मोटारसायकली वाढल्या हे खरे, पण सायकल संपलेली नाही. आपल्या मालेगावात पहाटे रस्त्यावर उभे राहून पाहावे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा मजूर, वृत्तपत्र टाकणारा, पाव-बटर विकणारा, शाळेत जाणारी मुले, हे सर्व सायकलवरच दिसतील. पेट्रोल शंभर रुपयांच्या घरात गेले, तेव्हा या माणसांच्या खिशाला कात्री लागली नाही ती सायकलमुळेच.

आणि २०२० सालचा मे महिना विसरून कसे चालेल? टाळेबंदीत गाड्या बंद होत्या. आपल्या शहराजवळून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरून मजुरांचे तांडे गावाकडे निघाले होते. काही पायी, काही सायकलवर. त्याच महिन्यात एका पंधरा वर्षांच्या मुलीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामपासून बिहारमधील दरभंग्यापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवली, हे सर्व देशाने वाचले. अशा प्रवासात रस्त्याकडेला पंप आणि पाना घेऊन बसलेला मिस्त्री हा वैद्याइतकाच मोलाचा असतो.

त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलस कंपनीने उत्तर प्रदेशातील साहिबाबादचा कारखाना बंद केला. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेली ही कंपनी. आपल्या वडिलांच्या पिढीत अ‍ॅटलस घरात असणे म्हणजे प्रतिष्ठा होती. पण गंमत पाहा, त्या जुन्या सायकली अजून रस्त्यावर धावतात. कारण काळ्या साध्या सायकलचे भाग ठरलेल्या मापाचे असतात. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. लुधियानातील लहान-मोठे कारखाने हे भाग बनवतात आणि गल्लीतील मिस्त्री ते बसवतो. कारखाना बंद झाला तरी सायकल चालते. मिस्त्री उठून गेला, तर मात्र ती भिंतीला टेकून गंजते आणि एक दिवस भंगारात जाते.

भाड्याच्या सायकलीची गोष्ट

भाड्याने सायकल देण्याचा धंदा मोठ्या कंपन्यांनीही करून पाहिला. २०१७-१८ मध्ये पुण्यात मोबाईलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. फार गाजावाजा झाला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुन्हा सायकलवर येईल असे बोलले गेले. थोड्याच वर्षांत त्या योजना गुंडाळल्या गेल्या आणि फुटपाथवर मोडक्या सायकली उरल्या.

आमच्या लहानपणी चाचांकडे आठ आणे तासाने सायकल मिळायची. नाव वहीत लिहायचे, वडिलांचे नाव सांगायचे आणि सायकल न्यायची. ना कुलूप, ना अनामत. सायकल हरवत नसे, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. उशीर झाला तर चाचा घरी निरोप पाठवत. संध्याकाळी सायकल परत आली की ते चाक फिरवून बघत, तार सैल असेल तर तिथेच आवळत. कंपनीकडे भांडवल होते, यंत्रणा होती, पण रोज संध्याकाळी चाक फिरवून बघणारा माणूस नव्हता. स्थानिक दुकानाची खरी किंमत यातच आहे.

'पंक्चरवाला' ही शिवी नाही

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. हल्ली मोबाईलवरच्या चर्चांत 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्या समाजाला टोमणा म्हणून मारला जातो. त्याचे दुःख होते, पण त्याहून जास्त दुःख याचे होते की आपलीच मुले त्या टोमण्याला घाबरून बापाच्या हुनराची लाज बाळगू लागली आहेत. चाचांचा मुलगा दुकानात बसायला तयार नाही. तो एका मॉलमध्ये बारा-तेरा हजारांवर उभ्याने नोकरी करतो. दुसऱ्याची नोकरी इज्जतीची आणि स्वतःचे दुकान बेइज्जतीचे, हा हिशोब मला समजत नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की मुस्लिम समाजात स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. म्हणजे अशा लहान दुकानांवरच आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. त्याला कमी लेखणे म्हणजे आपल्याच भाकरीला नाव ठेवणे होय. मुलांनी शिकावे, डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, यात दुमत नाही. पण जो हातात पाना धरतो तो अडाणी, हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेतील राईट बंधूंनी १८९२ मध्ये डेटन शहरात सायकलचे दुकान काढले होते. सायकली विकायचे, दुरुस्त करायचे. त्याच दुकानाच्या कमाईवर आणि त्याच हत्यारांच्या अनुभवावर त्यांनी १९०३ मध्ये विमान उडवले.

आपल्या देशातले उदाहरण घ्या. मुंजाल बंधू फाळणीपूर्वी अमृतसरला सायकलच्या सुट्या भागांचा लहानसा व्यापार करत होते. फाळणीनंतर ते लुधियानाला आले. १९५६ मध्ये तिथे हिरो सायकल सुरू झाली, आणि १९८६ मध्ये जगात सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. 'हिरो' हे नाव कुठून आले? त्या घराण्याच्या चरित्रात सांगितले आहे की करीम दीन नावाचे एक मुस्लिम कारागीर सायकलची सीट बनवत आणि ती 'हिरो' या नावाने विकत. फाळणीच्या वेळी ते पाकिस्तानात निघाले, तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी ते नाव वापरण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. आज ज्या नावाची सायकल गावोगाव धावते, त्या नावामागे एका कारागिराची उदारता आहे. हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

दुकानदारांनीही ऐकावे

एकतर्फी बोलणे बरोबर नाही. ग्राहक मोबाईलकडे वळला त्यात दुकानदारांचाही दोष आहे. चार गोष्टी मी सायकलवाल्या बंधूंना भाऊ समजून सांगतो.

पहिली गोष्ट, भाव लिहून लावा. अनोळखी ग्राहकाला एक भाव आणि ओळखीच्याला दुसरा, हे आता चालत नाही. ग्राहकाच्या खिशात मोबाईल आहे, तो दोन मिनिटांत तपासतो. एकदा फसला की परत येत नाही. दुसरी गोष्ट, पक्के बिल द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पाच हजार मूळ किमतीच्या सायकलीवर साडेतीनशे रुपये कमी झाले. ही कपात ग्राहकाला प्रामाणिकपणे दाखवा. तो भरवसा ठेवील.

तिसरी गोष्ट, सुटा भाग बदलला तर जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या आणि नकली माल अस्सल म्हणून विकू नका. 'उद्या देतो' म्हणून चार दिवस फिरवू नका. कापडाच्या धंद्यात आम्ही एक शिकलो आहोत, एक वार कापड कमी मोजले तर शंभर वार ग्राहकी जाते.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, नवे काम शिका. गिअरची सायकल, डिस्क ब्रेक आणि आता बॅटरीची सायकल. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नसलेल्या बॅटरीच्या सायकलीला नोंदणी आणि लायसन लागत नाही. या सायकली वाढत आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हात कमी आहेत. जो हे काम आज शिकेल, त्याच्या दारात उद्या रांग लागेल. 'हे आमचे काम नाही' असे म्हणून परत पाठवलेला ग्राहक कायमचा जातो.

आपण काय करू शकतो?

केवळ हळहळून दुकान वाचत नाही. व्यापारी आणि कारखानदार बंधूंना करता येण्यासारखी कामे आहेत.

घरात सायकल घ्यायची असेल तर ती मोहल्ल्यातील दुकानातून घ्यावी. पाच-सातशे रुपये जास्त वाटले तर दुकानदाराशी सरळ बोलावे. 'वर्षभर दोन वेळा मोफत तपासून द्या' असे ठरवून घ्यावे. त्याला विक्री मिळते, आपल्याला मिस्त्री मिळतो. सौदा दोघांच्या फायद्याचा होतो.

ज्यांचे कारखाने आहेत, गोदामे आहेत, त्यांनी आपल्या माणसांच्या सायकलींचे वर्षातून एकदा ओव्हरऑईल एकाच स्थानिक दुकानातून करून घ्यावे. वीस सायकली एकदम मिळाल्या तर त्या दुकानाचा महिना निघतो, आणि आपला माणूस पाळीवर वेळेत येतो.

आपल्या शाळा, ट्रस्ट आणि मदत कमिट्या गरीब मुलांना सायकली वाटतात. फोटो छापून येतात, चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक वेळा सायकली बाहेरगावाहून एकगठ्ठा मागवल्या जातात आणि सहा महिन्यांनी त्या पंक्चर होऊन घरात पडून राहतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातही निवडक तालुक्यांतील गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलीचे अनुदान मिळते. सायकल मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती चालू राहणे महत्त्वाचे. म्हणून कमिट्यांनी सायकली स्थानिक दुकानदारांत वाटून खरेदी कराव्यात आणि एका वर्षाच्या दुरुस्तीची बोली आधीच करावी. दानाचा पैसा मुलीपर्यंतही पोहोचेल आणि कारागिरापर्यंतही.

शेवटचे, उस्तादांकडे शागिर्द पाठवावेत. दहावीनंतर शाळा सुटलेली मुले आपल्या मोहल्ल्यात आहेत. सहा महिने त्यांच्या जेवणखर्चाची जबाबदारी एखाद्या व्यापाऱ्याने घेतली आणि उस्तादाने काम शिकवले, तर एक घर उभे राहते.

चाचांना मी काय उत्तर दिले, तेही सांगतो. गाळ्यासाठी मोबाईलवाला शोधला नाही. माझ्या गोदामातील आणि शेजारच्या दोन पेढ्यांवरील माणसांच्या सायकली त्यांच्याकडे लावून दिल्या. पुढच्या शाळेच्या हंगामासाठी आमच्या कमिटीच्या सायकलींची मागणीही त्यांच्याकडे नोंदवली, रोख आगाऊ देऊन. एवढ्याने दुकान वाचेल असा दावा मी करत नाही. चाचांनी फक्त एवढे म्हटले, "रमजानपर्यंत बघतो." त्यांच्या वयाचा माणूस यापेक्षा जास्त वायदा करत नाही, आणि करूही नये.

पण गाळा आज उघडा आहे. काल तिथून जाताना पाहिले, एक पोरगा घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता आणि चाचा शेजारी बसून त्याला शिकवत होते. वाचक बंधूंनो, तुमच्या मोहल्ल्यातही असा एखादा गाळा असेल. त्याचे शटर खाली येण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे, आणि फक्त हवा भरायला नव्हे.